गुडघ्यातील कूर्चेची परीक्षा ध्वनिलहरींनी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग चालतात. कामगाराला पाळीभर मागांमधून फिरावे लागते, तुटलेला धागा जोडण्यासाठी वाकावे लागते आणि सुताचे ओझेही उचलावे लागते. ओझे उचलणे आणि वारंवार उकिडवे बसणे यांमुळे गुडघ्याच्या अस्थिसंधिवाताचा धोका वाढतो. गुडघा दुखू लागला की मजुरी बुडते. पण दुखणे सुरू होईपर्यंत आतील झीज बरीच झालेली असू शकते. ही झीज लवकर ओळखण्याच्या दृष्टीने अल्ट्रासाऊंड तंत्राचा अभ्यास होत आहे.

कूर्चा म्हणजे काय?

सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. गुडघ्यात त्याची जाडी साधारण २ ते ४ मिलिमीटर असते. कूर्चेत बहुतांश पाणी असते. कोलॅजेनचे तंतू तिला बांधून ठेवतात, तर प्रोटिओग्लायकन हे रेणू पाणी धरून ठेवतात. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. तो कूर्चा पेलते. तिच्यात रक्तवाहिन्या नसल्याने ती सहसा भरून येत नाही आणि मज्जातंतू नसल्याने प्रारंभीची झीज जाणवत नाही.

मऊपणा आधी, झीज नंतर

अस्थिसंधिवातात कूर्चा पातळ होण्यापूर्वीच मऊ पडू लागते. एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही; हाडांमधील अंतर कमी झाल्यावरच तिच्या झिजेचा अंदाज येतो. एमआरआयमध्ये ती दिसते, पण ती तपासणी खर्चिक आहे.

मोजमाप कसे होते?

कूर्चेत ध्वनी सेकंदाला सुमारे १६०० मीटर वेगाने जातो. कूर्चा २.४ मिलिमीटर जाड असेल, तर हाडापर्यंत जाऊन परतायला त्याला ३ मायक्रोसेकंद लागतात. प्रोबने दाबल्यावर हा वेळ २.७ मायक्रोसेकंदांवर आला, तर कूर्चा ०.२४ मिलिमीटर, म्हणजे एक दशांश दबली. दाबासाठी लावलेले बल माहीत असल्यास तिचा ताठरपणा काढता येतो. त्याच दाबाखाली कूर्चा जितकी अधिक दबेल, तितकी ती मऊ समजावी. शिवाय पृष्ठभाग खडबडीत झाल्यास परतणारा प्रतिध्वनी क्षीण होतो. तीही झिजेची खूण असते.

दाब आणि ध्वनी यांची अशी सांगड घालणारी उपकरणे हाँगकाँग पॉलिटेक्निक विद्यापीठ आणि फिनलंडमधील कुओपिओ येथील संशोधकांनी विकसित केली. मात्र प्रोब थेट कूर्चेवर टेकवायचा, तर दुर्बिणीतून सांध्यात शिरावे लागते. ध्वनीचा वेगही प्रत्येक कूर्चेत सारखा नसतो, त्यामुळे मोजमापात त्रुटी राहते. म्हणून हे तंत्र अद्याप मुख्यतः संशोधनापुरतेच आहे.

रुग्णाला आज काय मिळते?

नेहमीच्या सोनोग्राफीत गुडघा पूर्ण वाकवून मांडीच्या हाडावरील कूर्चेचा काही भाग पाहता येतो. निरोगी कूर्चा एकसारख्या काळ्या पट्ट्यासारखी दिसते. पट्टा पातळ झाला किंवा त्याची कड अस्पष्ट झाली, तर झिजेची शंका घेतली जाते. वाटीखालील आणि सांध्याच्या आतील बराच भाग मात्र हाडामुळे झाकलेला राहतो. ही तपासणी कूर्चेचे रूप दाखवते, ताठरपणा मोजत नाही.

कारखान्यातच शिबिर घेण्यात कायद्याचीही अडचण आहे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी १९९४ मध्ये झालेल्या कायद्यानुसार सोनोग्राफी यंत्राची नोंदणी बंधनकारक असून ते नोंदणीकृत जागेबाहेर वापरण्यावर कडक निर्बंध आहेत. कामगारालाच केंद्रापर्यंत जावे लागते.

तोवर उपाय साधे आहेत. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि आटोक्यातील वजन यांनी गुडघ्याला आधार मिळतो. कामाच्या जागी ओझ्यासाठी ढकलगाडी ठेवल्यास भार हलका होतो. सूज किंवा सकाळचा आखडलेपणा वारंवार जाणवू लागल्यास अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये.