ठेवू की बदलू?

डेबियन किंवा उबुंटूचा सर्व्हर अपग्रेड करायला घेतला की ओळींमागून ओळी वर सरकत जातात आणि मध्येच सगळं थांबतं. पडद्यावर 'इटीसी' डिरेक्टरीतल्या एखाद्या फाइलचं नाव येतं. समजा, सुडोअर्सचं, म्हणजे सुडो वापरून प्रशासकाचे हक्क कुणी घ्यायचे याचे नियम असलेल्या फाइलचं. त्याखाली लिहिलेलं असतं की ही फाइल बसवल्यानंतर बदलली गेली आहे, तुमच्याकडून किंवा एखाद्या स्क्रिप्टकडून. आणि पॅकेजवाल्यांनीही तिची नवी आवृत्ती पाठवली आहे. आता काय करू? वाय किंवा आय दाबलं तर नवी फाइल बसेल, एन किंवा ओ दाबलं तर तुमची राहील, डी दाबलं तर दोन्हींतला फरक दिसेल, झेड दाबलं तर शेल उघडेल, जाऊन बघून या. नुसतं एंटर दाबलं तरी तुमचीच फाइल राहते. बहुतेक लोक एंटर दाबतात, आणि तेही न वाचता.

हा प्रश्न विचारणाऱ्या प्रोग्रामचं नाव डीपीकेजी. इयान मर्डॉकने ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियनची घोषणा केली. डेबियनचा हा पॅकेज बसवणारा प्रोग्राम आधी शेल स्क्रिप्ट होता, मग पर्लमध्ये गेला आणि शेवटी इयान जॅक्सनने तो सी भाषेत नव्याने लिहिला. वरचा प्रश्न ज्या सोर्स फाइलमध्ये आहे, तिच्या माथ्यावर जॅक्सनच्या नावाशेजारी १९९५ साल आहे. म्हणजे तीस वर्षं झाली या प्रश्नाला, आणि विचारायची पद्धत फारशी बदललेली नाही.

पॅकेजं नव्हती तेव्हा नवी आवृत्ती म्हणजे टारची फाइल. ती उघडली की जुन्यावर नवं पसरायचं. स्वतःचे बदल राखायचे असतील तर आधी प्रत काढून ठेवा, मग डिफ चालवून ओळी जुळवत बसा. डिफ हे साधन बेल लॅब्जमध्ये सत्तरच्या दशकातच तयार झालं होतं, पण त्याला समोरच्या दोन फाइलींमधला फरक तेवढा कळतो. तो फरक कुणी केला, हे त्याला कळत नाही. माझ्या फाइलमध्ये एक ओळ जास्त आहे; ती मी घातली, की नव्या आवृत्तीतून त्यांनी काढली? वाटणी करताना वडिलोपार्जित किती आणि स्वकष्टार्जित किती हे आधी ठरवावं लागतं, तसंच इथेही. आणि ते ठरवायला मुळात हातात काय पडलं होतं त्याची नोंद लागते.

डीपीकेजीची खरी हुशारी या नोंदीत आहे. मूळ फाइल जपून ठेवायची गरज नाही. तिचा एमडी५ ठसा, बत्तीस अक्षरांचा, एवढा पुरतो. रॉन रिव्हेस्टची ही पद्धत एप्रिल १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली होती. पॅकेज बनवणारा आपल्या सेटिंगच्या फाइलींची यादी पॅकेजसोबत देतो आणि डीपीकेजी त्यांचे ठसे आपल्या स्टेटस फाइलमध्ये लिहून ठेवतो. पुढे एमडी५ फोडता येतो हे सिद्ध झालं, तरी इथे त्याने काही बिघडत नाही. इथे खोटी सही पकडायची नाहीये, फक्त 'हात लागला का' एवढंच बघायचंय.

नोंदवलेला मूळ ठसा, तुमच्या आत्ताच्या फाइलचा आणि नव्या पॅकेजमधल्या फाइलचा, असे तीन ठसे हाती आले की बरेचसे निकाल आपोआप लागतात. तुम्ही हात लावलेला नाही, त्यांनी बदललं: नवी फाइल मुकाट बसते. तुम्ही बदललं, त्यांनी नाही: तुमची मुकाट राहते, अपग्रेडमागून अपग्रेड होत गेले तरी. दोघांनीही नेमका तोच बदल केला असेल तरी विचारायचं काही उरत नाही. दोघांनी वेगवेगळं बदललं, तरच गाडी थांबते. तुम्ही फाइल उडवून टाकली असेल तर तोही तुमचा निर्णयच धरतात. पॅकेजमधली फाइल बदललेली नसेल तर ती परत आणून ठेवली जात नाही. निवड कोणतीही करा, हरलेली फाइल सहसा शेजारीच राहते: तुमची असेल तर नावाला डीपीकेजी-ओल्ड, त्यांची असेल तर डीपीकेजी-डिस्ट असं शेपूट लागून.

रेड हॅटच्या घराण्यात मात्र विचारण्याची रीतच नाही. मार्क यूइंग आणि एरिक ट्रोन यांचा आरपीएमही त्याच सुमाराचा, तीन ठशांचा हिशेबही तोच. पण तो प्रश्न न विचारता काम करतो. एकाच वेळी पुष्कळ यंत्रांवर माणसाशिवाय बसवायचं असेल तर ते बरोबरच आहे. कुणाची फाइल राहील हे पॅकेज बनवतानाच ठरलेलं असतं: तुमची बाजूला सारली तर आरपीएमसेव्ह, त्यांची बाजूला ठेवली तर आरपीएमन्यू. जेंटू, आर्च आणि स्लॅकवेअर यांनीही प्रश्न टाळून नवी फाइल शेजारी ठेवण्याचाच रस्ता धरला. तोटा असा, की शेजारी ठेवलेल्या फाइलकडे कुणी बघत नाही आणि सेवा जुन्याच सेटिंगवर चालत राहते. मला स्वतःला विचारणारा प्रोग्राम बरा वाटतो, पण मी यंत्रासमोर बसलेलो असतो तेव्हाच.

समोर कुणी नसेल तर डेबियनचा प्रश्न नुसताच लटकतो. अपग्रेडच्या स्क्रिप्टमध्ये डेबियन-फ्रंटएंडला नॉनइंटरॅक्टिव्ह केलं की सगळे प्रश्न बंद झाले असं लोकांना वाटतं. ती किल्ली डेबकॉन्फच्या, म्हणजे पॅकेज बसवताना सेटिंग विचारणाऱ्या वेगळ्या यंत्रणेच्या, प्रश्नांची; हा प्रश्न थेट डीपीकेजीचा, त्याला फोर्स-कॉनफोल्डसारखा पर्याय वेगळा द्यावा लागतो. शिवाय पॅकेजच्याच स्क्रिप्टने फाइल बदलली तर न केलेल्या बदलाचा जाब वापरणाऱ्याला द्यावा लागतो. म्हणून डेबियनच्या धोरणात स्क्रिप्टना अशा फाइलींना हात लावायला मनाई आहे. स्क्रिप्टने घडवायच्या फाइलींसाठी मनोज श्रीवास्तव यांनी यूसीएफ लिहिलं. तेही असाच प्रश्न विचारतं, पण दोन्हीकडचे बदल एकत्र करायचा पर्यायही देऊ शकतं.

अलीकडे कल एकाच फाइलवर दोघांनी लिहायचंच नाही, असा आहे. सिस्टमडीमध्ये पॅकेजवाल्यांच्या फाइली 'यूएसआर'खाली, तुमच्या 'इटीसी'त. सुडोनेही १.७.२ या आवृत्तीपासून तशी सोय केली: मूळ फाइलला हात न लावता आपले नियम सुडोअर्स-डॉट-डी या डिरेक्टरीत ठेवा. ती डिरेक्टरी वाचायला लावणारी ओळ मात्र हॅशच्या चिन्हाने सुरू होत असे, हुबेहूब टिपणीसारखी. निरुपयोगी समजून कुणी ती पुसली की नियम गायब. २०२० मध्ये १.९.१ आवृत्तीने त्या जागी ॲटचं चिन्ह आणलं. त्या डिरेक्टरीतल्या ज्या फाइलच्या नावात टिंब आहे, ती सुडो वाचतच नाही. पॅकेजांनी मागे टाकलेल्या टिंब-डीपीकेजी-ओल्ड आणि टिंब-आरपीएमन्यू अशा नावांच्या फाइली चुकून नियम म्हणून लागू होऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे कुणी हौसेने नियमाच्या फाइलला स्वतःचं नाव, आडनावाआधी टिंब देऊन, ठेवलं तर कसलीही तक्रार न करता सुडो तीही सोडून देतो.