मन्नारच्या आखातातील प्रवाळ : एका विलंबाचा इतिहास

काशीची गंगा रामेश्वरास वाहावी आणि रामेश्वरची वाळू प्रयागास नेऊन त्रिवेणीत सोडावी, हा यात्रेचा परिपाठ महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. परंतु ज्या किनाऱ्यावरून ही वाळू उचलावयाची, त्याच्या बांधणीत लक्षावधी क्षुद्र जीवांचे श्रम आहेत, हे फारच थोड्या यात्रेकरूंच्या ध्यानी येते. रामेश्वर बेटाच्या उत्तर किनाऱ्यालगत प्राचीन प्रवाळभिंतींचे थर पाण्याबाहेर आलेले दिसतात, आणि तेथून तुतिकोरिनपर्यंत पसरलेल्या मन्नारच्या आखातातील बेटांभोवती तशाच भिंती आजही जिवंत आहेत. त्या कशा घडल्या आणि मनुष्याने त्यांचे काय केले, हे आम्हांस येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

प्रवाळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मंगळाच्या अंगठीतील तांबडे पोवळे उभे राहते. ते मुख्यतः भूमध्य समुद्रातले. भिंती बांधणारा प्रवाळ निराळा. चुन्याच्या इवल्याशा वाटीत राहणारा हा एक मऊ प्राणी. त्याच्या शरीरात एकपेशीय शैवाल वस्तीस असते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते व त्यातील मोठा वाटा यजमानास देते. त्या बळावर यजमान समुद्राच्या पाण्यातील चुना वेगळा काढून आपले घर वाढवितो. या भागीदारीस उथळ, ऊबदार आणि निर्मळ पाणी लागते. गाळ साचला की प्रकाश तुटतो. पाणी नेहमीहून एखाददुसरा अंश अधिक तापून तसेच काही आठवडे राहिले, तर शैवाल यजमानाचे घर सोडते, प्रवाळ पांढराफटक पडतो आणि उष्मा लवकर न ओसरल्यास उपाशी मरतो.

निसर्गाचे हे नियम या समुद्रात स्पष्ट वाचता येतात. नैर्ऋत्य वाऱ्यांच्या दिवसांत मन्नारचे आखात खवळते आणि उत्तरेकडील पाल्कचा उपसागर त्या मानाने शांत असतो. ईशान्य वाऱ्यांत नेमके उलट घडते. म्हणजे एका चिंचोळ्या भूमीच्या दोन अंगांस असलेल्या दोन वसाहतींना गाळाचा आणि लाटांचा मारा वेगवेगळ्या ऋतूंत सोसावा लागतो. असे आघात सोसून, मोडून आणि पुन्हा वाढूनच या भिंती उभ्या राहिल्या.

त्यांचा अभ्यासही जुना आहे. मद्रासच्या सरकारी संग्रहालयाचे प्रमुख एडगर थर्स्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रामेश्वर आणि भोवतालच्या सागरी जीवांवर लिहिले. १९२७ साली त्याच संग्रहालयाने कुरुसडै बेटाच्या किनाऱ्यावरील जीवसृष्टीचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४७ साली केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था निघाली, आणि १९६९ च्या जानेवारीत मंडपम् येथे प्रवाळांवर एक विद्वत्परिषद भरली. पुढे जगभर भरत गेलेल्या आंतरराष्ट्रीय प्रवाळपरिषदांच्या मालिकेत तिला पहिले स्थान दिले जाते.

विद्वान मंडपम् येथे चर्चा करीत होते त्याच काळात त्या समुद्रातून होड्या भरभरून प्रवाळ काढला जात होता. पहारीने भिंत फोडावयाची, तुकडे होडीत घालावयाचे आणि किनाऱ्यावर आणून विकावयाचे. चुन्याच्या भट्ट्यांना तो हवा, घरांच्या पायांना हवा, रस्त्यांना हवा, आणि कॅल्शियम कार्बाइडच्या कारखान्यासही हवा. परिषदेचा वृत्तांत १९७२ साली छापला गेला, त्यात महादेवन आणि नागप्पन नायर यांनी या उपशाचा अंदाज दिला आहे : दोन्ही समुद्रांतून मिळून वर्षाकाठी सुमारे ६०,००० घनमीटर. ज्या वसाहतीची वाढ वर्षाला बोटांवर मोजावी, तिचा हा खर्च. भिंत गेली की लाट अडेनाशी होते, आणि लाट अडली नाही की मागच्या बेटाची वाळू वाहून जाते. तुतिकोरिनजवळील विलंगुचल्ली आणि कीळक्करैजवळील पूवरसनपट्टी ही दोन बेटे अशीच पाण्याखाली गेली. वान नावाचे बेट १९६९ साली सुमारे १६ हेक्टरांचे होते. २०१५ पर्यंत ते जेमतेम दोन हेक्टरांवर आले.

योगायोग असा की, १९७२ सालीच संसदेने वन्यजीव संरक्षणाचा कायदा केला. वाघ आणि सिंह त्याच्या आश्रयास आले; प्रवाळास त्यात जागा मिळण्यास २००१ साल उजाडावे लागले. मध्यंतरी १९८६ साली या २१ बेटांचे सागरी राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८९ साली आखातास जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, पण पहार थांबली नाही. ज्यांचा दिवस सरकारी दप्तरात जातो, त्या आमच्यासारख्यांना यात विशेष नवल वाटत नाही. एखादी वस्तू कोणत्या सदरात घातली यावर तिचे भवितव्य ठरते. व्यवहारात प्रवाळाची गणना दगडात झाली. तो प्राणी आहे हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते, पण ते दप्तरात उतरण्यास एकोणतीस वर्षे लागली. होडीतून तो आणणाऱ्या गरीब मच्छीमारास दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या पोटाचा प्रश्न रोजचा होता आणि गिऱ्हाईक किनाऱ्यावर उभे होते.

२००४ च्या डिसेंबरातील त्सुनामीनंतर मात्र पालट झाला. कायद्याचा धाक होताच. पण बेटे आणि भिंती आपल्या गावांची ढाल आहेत, ही जाणीवही मच्छीमारांत रुजली आणि उपसा जवळजवळ थांबला. परिणाम लवकरच दिसला. तुतिकोरिनच्या संशोधकांच्या मोजणीप्रमाणे जिवंत प्रवाळाचे आच्छादन २००५ च्या सुमारास ३७ टक्के होते, ते २००९ साली ४३ टक्क्यांपर्यंत चढले. हात आवरला की ही सृष्टी स्वतःस सावरू शकते, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

परंतु २०१० साली समुद्र तापला आणि २०१६ साली पुन्हा तापला. त्या दुसऱ्या उन्हाळ्यानंतर आच्छादन २३ टक्क्यांच्या आसपास उतरले. या आपत्तीने सर्वांना सारखे लेखले नाही. झाडासारख्या फांद्या काढणारे, झपाट्याने वाढणारे प्रवाळ आधी मेले. गोलाकार, मंद वाढीचे पुष्कळसे तगले. वसाहत उरली तरी तिचे रूप पालटले, आणि फांद्यांच्या जाळीत आसरा घेणाऱ्या लहान माशांचा निवारा गेला. त्यातच शेतीसाठी आणलेले एक परदेशी शैवाल २००८ साली कुरुसडैजवळच्या जिवंत प्रवाळावर पसरलेले आढळले. आता वान बेटापुढे कृत्रिम भिंती उतरविल्या आहेत आणि प्रवाळाची कलमे लावण्याचे कामही चालू आहे. हे सारे स्तुत्य आहे. पण तापणारे पाणी बेटाच्या किनाऱ्यावर येऊन थबकत नाही.

पहार एका गावाच्या हातात होती, म्हणून ते गाव ती खाली ठेवू शकले. हा उष्मा जगभरच्या चुलींचा आणि कारखान्यांचा आहे. तो आवरणे मंडपम् किंवा तुतिकोरिनच्या हाती नाही. १९९८ च्या उन्हाळ्यात जगभरचे प्रवाळ पांढरे पडले तेव्हाच इशारा मिळाला होता, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये अशा चौथ्या जागतिक आपत्तीची घोषणा झाली. पहिल्या खेपेस जाणण्यापासून निर्बंध घालण्यापर्यंत एकोणतीस वर्षे गेली आणि त्यांचे मोल दोन बेटांनी दिले. या खेपेचे अंतर किती असावे, हे अजून ठरावयाचे आहे. कागदोपत्री उद्यानात आजही २१ बेटांची नोंद आहे. पाण्यावर एकोणीस आहेत.