शस्त्रक्रियेपूर्वींचें अन्न

वसईनजीक सोपारा येथें 1882 सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सांपडला. पुढें 1956 सालीं जवळच्या भुईगांवीं नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. चौदा लेखांच्या या मालेंतील दुसरा लेख सोपाऱ्यास हातीं आला नाहीं. तो गिरनारसारख्या ठिकाणीं वाचावयास मिळतो. माणसांची व जनावरांची चिकित्सा राजानें करविल्याचें आणि जेथें औषधी, मुळें व फळें नव्हतीं तेथें तीं आणवून लावविल्याचें त्यांत नमूद आहे. औषधींच्या जोडीला मुळें आणि फळें! केळीच्या बागा, पानवेली आणि भाजीचे मळे यांवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या वसईकरांस या सोयरिकीचें नवल वाटूं नये.

आपल्या प्राचीन शस्त्रवैद्यांनीं तर शस्त्र उचलण्यापूर्वींच आहाराचा विचार केला होता. शस्त्रकर्मापूर्वीं रोग्यास रुचेल तें अन्न द्यावें, म्हणजे त्यास मूर्च्छा येत नाहीं, असें सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत सांगितलें आहे. मूळव्याध, मुतखडा, भगंदर अशा कांहीं व्याधींत मात्र रोगी उपाशी ठेवावा, असा अपवादहि आहे. जखमी माणसाच्या पथ्यापथ्याचा विचार तर निराळ्या अध्यायांत केलेला आढळतो. आज भूल देण्यापूर्वीं पोट रिकामें ठेवतात तें उलटी श्वासनलिकेंत जाऊं नये म्हणून. त्या कांहीं तासांच्या उपासाची आणि महिनोन्‌महिने अर्धपोटीं राहण्याची गल्लत होतां कामा नये.

सांधा बदलण्याची कल्पना मात्र अर्वाचीन. बर्लिनचे डॉ. थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनीं 1890 सालीं क्षयानें नासलेल्या गुडघ्यांत हस्तिदंताचा सांधा बसविला. कारागिरी उत्तम होती, पण जुना संसर्ग पाठ सोडीना आणि असे सांधे टिकले नाहींत. जखमेंतील जंतूंचा बंदोबस्त कार्बॉलिक ॲसिडानें कसा करावा हें लिस्टरनें 1867 मध्येंच दाखविलें होतें. परंतु शरीरांत परकी वस्तु कायमची ठेवणें ही निराळीच गोष्ट आहे. तिला रक्तपुरवठा नसतो. तिच्यावर चिकटलेले जंतु आपल्याभोवतीं पातळ कवच विणतात; तेथें शरीराचे रक्षक पोंचत नाहींत आणि औषधेंहि निष्प्रभ ठरतात. पुष्कळदां बसविलेला सांधा काढूनच टाकावा लागतो. इंग्लंडांत राइटिंग्टन येथें, पूर्वीं क्षयरोग्यांसाठीं असलेल्या रुग्णालयांत, जॉन चार्नले यांनीं 1962 सालीं धातु व पॉलिथिन यांचा टिकाऊ खुबा बसविला. पुढें त्यांचा जीव जितका खुब्यांत तितकाच शस्त्रक्रियागृहाच्या हवेंत गुंतला. गाळलेली हवा, शस्त्रवैद्यांचे बंद पोषाख अशा उपायांनीं त्यांनीं संसर्गाचें प्रमाण शेंकडा सुमारें 7 वरून 1 च्या खालीं आणलें.

खोलींतील हवा शुद्ध झाली. रोग्याच्या रक्ताचें काय? त्याचें उत्तर आधींच मिळूं लागलें होतें. क्लीव्हलंडचे डॉ. हायरम स्टडली यांनीं 1936 सालीं पोटांतील व्रणासाठीं शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांचा हिशेब मांडला. ज्यांचें वजन शस्त्रक्रियेपूर्वींच पंचमांशाहून अधिक घटलें होतें त्यांपैकीं शेंकडा 33 दगावले. इतरांपैकीं केवळ साडेतीन. सांध्यांच्या वैद्यांनींहि कालांतरानें तोच धागा धरला. रक्तांतील अल्ब्युमिन दर डेसिलिटरला 3.5 ग्रॅमच्या खालीं असलेल्या रोग्यांत गुडघा वा खुबा बदलल्यावर संसर्ग अधिक होतो, असें त्यांस आढळलें. जखम सांधणारे धागे आणि जंतूंशीं झुंजणारीं द्रव्यें हीं दोन्हीं प्रथिनांचींच बनलेलीं असतात. अर्थात् जुनाट दाहानें, यकृत किंवा मूत्रपिंड बिघडल्यानेंहि अल्ब्युमिन उतरतें; तेव्हां एका आंकड्यावरून रोग्याचें ताट ओळखतां येईल असें समजूं नये.

वसईच्या घरांत हा प्रश्न गुपचूप शिरतो. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या बाईस बाजार गांठवत नाहीं, मासळी साफ करावयास उकिडवें बसवत नाहीं. सकाळीं चहा आणि पाव, दुपारीं पेज, रात्रीं कालवणांतला रस्सा. तुकडा नातवाच्या ताटांत. कोणाकडे सोमवार-एकादशीचा साबुदाणा, कोणाकडे चाळीस दिवसांचा उपासकाळ. हालचाल थांबल्यानें वजन कमी न होतां उलट वाढतें, आणि अंगानें भरलेली बाई उपाशी असूं शकते हें घरच्यांस पटत नाहीं. बाजारांत मासळी असते, अंडीं असतात, वाल आणि मूग तर कोणत्याहि दुकानीं. उणीव पदार्थांची नसते.

शस्त्रक्रियेची तारीख ठरली कीं पहिली चौकशी पैशांची होते, दुसरी मुलाच्या रजेची. मधुमेह आणि पंडुरोग यांची तपासणी रुग्णालय करवून घेतें; ताटाची विचारपूस झालीच तर शेवटच्या आठवड्यांत. अल्ब्युमिनचा निम्मा सांठा पालटावयास मात्र शरीरास सुमारें 20 दिवस लागतात.