मॅक लिअमोर, मीहॉल

मॅक लिअमोर, मीहॉल : (२५ ऑक्टोबर १८९९ – ६ मार्च १९७८). आयरिश रंगभूमीवरील नट, दिग्दर्शक, नेपथ्यकार व लेखक. आयरिश आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत त्याने लेखन केले. हिल्टन एडवर्ड्‌सच्या बरोबरीने त्याने डब्लिनमध्ये गेट थिएटरची स्थापना केली. ऑर्सन वेल्सच्या ‘ऑथेल्लो’ चित्रपटातील इयागो आणि ऑस्कर वाइल्डवरचा एकपात्री प्रयोग यांमुळे तो आयर्लंडबाहेरही ओळखला जाऊ लागला.

पूर्वायुष्य : जन्म लंडनच्या केन्सल ग्रीन भागात, एका इंग्रज कुटुंबात. मूळ नाव आल्फ्रेड विलमोर. लहानपणीच तो व्यावसायिक रंगभूमीवर आला. १९११ साली लंडनमध्ये झालेल्या ‘द गोल्डफिश’ या बालनाट्यात त्याच्याबरोबर नोएल कावर्ड हा पुढे नाटककार म्हणून गाजलेला मुलगाही होता. विख्यात नटव्यवस्थापक हर्बर्ट बीअरबोम ट्री याच्या कंपनीत त्याने ऑलिव्हर ट्विस्टचे काम केले. आवाज फुटल्यावर बालनटाची कारकीर्द आपोआप संपली. मग त्याने काही काळ लंडनच्या स्लेड कलाविद्यालयात चित्रकलेचे शिक्षण घेतले. त्याच सुमारास आयरिश कवी डब्ल्यू. बी. येट्सच्या लेखनाने तो भारावला आणि गेलिक लीगच्या वर्गांत जाऊन आयरिश भाषा शिकला. १९१७ मध्ये तो आयर्लंडला गेला. तेथे त्याने आपल्या नावाला आयरिश रूप दिले आणि आपला जन्म कॉर्कमध्ये झाल्याचे सांगायला सुरुवात केली. पुस्तकांसाठी चित्रे काढणे आणि नाटकांसाठी नेपथ्य करणे यांवर त्याचा चरितार्थ चाले. आयरिशमधून मुलांसाठी लिहिलेला त्याचा कथासंग्रह १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

गेट थिएटर : १९२७ मध्ये तो आपला मेहुणा ॲन्यू मॅकमास्टर याच्या फिरत्या शेक्सपिअर कंपनीत दाखल झाला. दौऱ्यात एनिस्कॉर्थी या गावी त्याची गाठ हिल्टन एडवर्ड्‌स (१९०३–१९८२) या इंग्रज नटाशी पडली. लंडनच्या ओल्ड व्हिकमध्ये तयार झालेला एडवर्ड्‌स पुढे त्याचा व्यवसायातला भागीदार झाला आणि आयुष्याचा जोडीदारही.

ऑगस्ट १९२८ मध्ये गॉलवे येथे आयरिश भाषेतील नाटकांसाठी ‘टायव्हर्क’ हे नाट्यगृह सुरू झाले. उद्‌घाटनाचे ‘डिआर्मिड आणि ग्रानिया’ हे नाटक मॅक लिअमोरने लिहिले, दिग्दर्शित केले आणि त्यात नायकाची भूमिकाही केली. नेपथ्य अर्थातच त्याचे होते. पुढेही काही काळ तेथील प्रयोग त्याने बसवले. टायव्हर्कच्या उद्‌घाटनानंतर दोन महिन्यांच्या आत, १४ ऑक्टोबर १९२८ रोजी, डब्लिनमध्ये इब्सेनच्या ‘पीअर गिंट’ने गेट थिएटरचा पडदा उघडला. हा प्रयोग ॲबी थिएटरच्या मालकीच्या पीकॉक या सुमारे १०० आसनांच्या छोट्या सभागृहात झाला.

१९०४ मध्ये सुरू झालेल्या ॲबीची ओळख एव्हाना आयरिश ग्रामजीवनावरील वास्तववादी नाटकांशी जोडली गेली होती. गेटने मुद्दाम वेगळी वाट धरली. युजीन ओनील, इव्हरेनॉव्ह यांची आणि वाइल्डचे ‘सालोमे’ अशी देशोदेशींची नाटके पहिल्याच हंगामात झाली. दिग्दर्शन व प्रकाशयोजना एडवर्ड्‌सकडे, तर नेपथ्य, वेशभूषा आणि बहुधा नायकाची भूमिका मॅक लिअमोरकडे, अशी कामाची वाटणी ठरून गेली. कमी पैशांत, काही पातळ्या आणि पायऱ्या, एखादा ठळक आकार आणि प्रकाश यांवर संपूर्ण दृश्य उभे करण्याची पद्धत या दोघांनी आयर्लंडमध्ये रुजवली. मॅक लिअमोरच्या नावावर सुमारे ३०० प्रयोगांचे नेपथ्य आहे.

डेनिस जॉन्स्टनचे ‘द ओल्ड लेडी सेज नो!’ हे ॲबीने नाकारलेले नाटक गेटने १९२९ मध्ये रंगभूमीवर आणले. १८०३ च्या उठावाचा नेता रॉबर्ट एमेट याची भूमिका करणाऱ्या नटाच्या डोक्याला मार लागतो आणि आपण एमेटच आहोत अशा भ्रमात तो आधुनिक डब्लिनमध्ये भटकत राहतो, असे त्याचे कथानक आहे. ही भूमिका मॅक लिअमोरने पुढे अनेकदा केली. ती त्याच्याच नावाशी जोडली गेली. फेब्रुवारी १९३० मध्ये गेट थिएटर पार्नेल स्क्वेअरजवळच्या रोटंडा वास्तूतील स्वतंत्र नाट्यगृहात गेले. तेथील पहिला प्रयोग गटेच्या ‘फाउस्ट’चा होता. आर्थिक अडचणीच्या काळात लॉर्ड लाँगफर्डने संस्थेला हात दिला. मात्र १९३६ मध्ये त्याच्याशी मतभेद होऊन दोन स्वतंत्र कंपन्या झाल्या व त्या वर्षातले सहा-सहा महिने तेच नाट्यगृह वापरू लागल्या. त्याच वर्षी मॅक लिअमोर व एडवर्ड्‌सने नाटके घेऊन ईजिप्तचा दौरा केला.

अभिनय : भारदस्त, लवचीक आवाज, शब्दांच्या लयीची जाण आणि देखणी, काहीशी अलंकृत देहबोली हे त्याच्या अभिनयाचे विशेष होत. रंगभूषा तो रंगमंचाबाहेरही वापरी, आणि टोप घालून वावरणारी ही व्यक्ती डब्लिनच्या रस्त्यांवर सर्वांच्या ओळखीची होती. १९३२ मध्ये गेटमध्ये केलेला हॅम्लेट त्याच्या गाजलेल्या भूमिकांपैकी एक असून, वयाच्या पन्नाशीनंतर, १९५२ मध्ये, त्याने ती भूमिका डेन्मार्कमध्ये एल्सिनोरच्या किल्ल्यातही केली. वास्तववादी अभिनयाची सवय झालेल्या प्रेक्षकांना त्याची शैली जुन्या वळणाची वाटे. काव्यमय संवादांची नाटके मात्र त्या शैलीत खुलत.

वेल्स व चित्रपट : १९३१ मध्ये ऑर्सन वेल्स हा सोळा वर्षांचा अमेरिकन मुलगा गेटच्या दारात आला आणि आपण न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरील नावाजलेला नट असल्याची थाप त्याने ठोकून दिली. थाप ओळखूनही मॅक लिअमोर व एडवर्ड्‌स यांनी त्याला ‘ज्यू स्यूस’ या नाटकात ड्यूकची मोठी भूमिका दिली. १९३४ मध्ये वेल्सने त्यांना इलिनॉय राज्यातील वुडस्टॉक येथील नाट्यमहोत्सवासाठी बोलावले.

वेल्सने ‘ऑथेल्लो’साठी मॅक लिअमोरला इयागो म्हणून निवडले, तेव्हा त्याचे वय पन्नाशीला टेकले होते आणि चित्रपटाचा अनुभव नगण्य होता. १९४९ मध्ये मोरोक्कोतील मोगादोर येथे चित्रीकरण सुरू झाले. पैसे संपले की काम थांबे. वेल्स दुसऱ्यांच्या चित्रपटांत काम करून पैसे आणी आणि नटांना पुन्हा बोलावी. पोशाख वेळेवर न पोहोचल्याने रॉडरिगोच्या खुनाचा प्रसंग स्नानगृहात चित्रित केला गेला आणि तोच पुढे या चित्रपटातला वाखाणला गेलेला प्रसंग ठरला. मॅक लिअमोरचा इयागो आरडाओरडा करत नाही. त्याचा द्वेष थंड आणि आतून पोखरणारा आहे. १९५२ च्या कान महोत्सवात चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळाले. चित्रीकरणाच्या दिवसांची त्याची रोजनिशी ‘पुट मनी इन दाय पर्स’ (१९५२) या नावाने प्रसिद्ध झाली. चित्रपटनिर्मितीवरील पुस्तकांत ती आजही वाचली जाते.

‘टॉम जोन्स’ (१९६३) या ऑस्करविजेत्या चित्रपटातील निवेदकाचा खट्याळ आवाज त्याचाच. ‘व्हॉट्स द मॅटर विथ हेलन?’ (१९७१) आणि जॉन ह्यूस्टनचा ‘द क्रेमलिन लेटर’ (१९७०) यांत त्याने दुय्यम भूमिका केल्या. तरी रंगभूमीइतका तो चित्रपटात रमला नाही.

एकपात्री प्रयोग : १९५० च्या दशकात गेटची आर्थिक स्थिती ढासळत गेली. १९६० मध्ये एडवर्ड्‌सच्या दिग्दर्शनाखाली मॅक लिअमोरने ‘द इंपॉर्टन्स ऑफ बीइंग ऑस्कर’ हा प्रयोग डब्लिनमध्ये सादर केला. वाइल्डचे आयुष्य आणि लेखन यांची ती गुंफण होती. मॅक लिअमोर वाइल्डची नक्कल करत नाही. निवेदक म्हणून त्याची हकीकत सांगता सांगता तो वाइल्डच्या पात्रांच्या तोंडचे संवाद बोलून जातो. समलिंगी संबंधांबद्दल वाइल्डला शिक्षा झाली होती, आणि आयर्लंडमध्ये असे संबंध गुन्हा ठरवणारा कायदा १९९३ पर्यंत लागू होता. या पार्श्वभूमीवर प्रयोगाला वेगळीच धार होती. ती उघडपणे न बोलता प्रेक्षकांपर्यंत पोहोचे. लंडन, न्यूयॉर्क आणि जगातील अनेक शहरांत हा प्रयोग झाला व १९७५ पर्यंत चालू राहिला. त्याच्या यशानंतर ‘आय मस्ट बी टॉकिंग टू माय फ्रेंड्स’ (१९६३) हा आयर्लंडच्या इतिहास-साहित्यावरचा एकपात्री प्रयोगही त्याने केला.

लेखन : ‘व्हेअर स्टार्स वॉक’ (१९४०) आणि ‘इल मेट बाय मूनलाइट’ (१९४६) या त्याच्या नाटकांत प्राचीन आयरिश दंतकथा आधुनिक दिवाणखान्यात उतरतात. ‘ऑल फॉर हेक्युबा’ (१९४६) हे आत्मचरित्र गेटच्या पहिल्या पर्वाचे महत्त्वाचे साधन आहे. मात्र त्यातील बालपणाची हकीकत कल्पित असल्याने ते जपून वापरावे लागते. ‘एंटर अ गोल्डफिश’ (१९७७) ही आत्मचरित्रात्मक कादंबरी त्याचे अखेरचे पुस्तक होय.

मूल्यमापन : १९७३ मध्ये डब्लिन शहराने मॅक लिअमोर व एडवर्ड्‌स या दोघांना मानद नागरिकत्व दिले. मॅक लिअमोर डब्लिनमध्ये वारला. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी राष्ट्राध्यक्ष पॅट्रिक हिलरी यांनी एडवर्ड्‌सचे जाहीरपणे सांत्वन केले. कायद्याने नाकारलेल्या नात्याला मिळालेली ही अनौपचारिक मान्यताच होती. पुढे एडवर्ड्‌सलाही होथ द्वीपकल्पावरील सेंट फिंटन्स दफनभूमीत त्याच्याच शेजारी पुरण्यात आले. मॅक लिअमोर जन्माने आयरिश नव्हता हे त्याच्या मृत्यूनंतर चरित्रकारांनी, विशेषतः मीहॉल ओ हे याने १९९० मध्ये, पुराव्यानिशी मांडले. तथापि त्या शोधाने त्याच्या कार्याचे मोल कमी झाले नाही. त्याने घेतलेली ओळख नुसत्या नावापुरती नव्हती: परकी भाषा शिकून तो तिचा लेखक झाला, त्या भाषेच्या ‘टायव्हर्क’ नाट्यगृहाचे पहिले नाटक लिहून बसवले आणि युरोपातील नवी नाट्यकला आयर्लंडमध्ये आणली. त्याने व एडवर्ड्‌सने स्थापन केलेले गेट थिएटर आजही डब्लिनमधील प्रमुख नाट्यसंस्थांपैकी एक आहे.