मोजून केलेली प्रार्थना

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात पॉल नावाचा एक संन्यासी राहत असे. दिवसाला तीनशे प्रार्थना हा त्याचा नेम. हिशेब चुकू नये म्हणून तो तीनशे खडे ओच्यात घेऊन बसायचा आणि प्रार्थना झाली की एक खडा टाकून द्यायचा. पॅलेडियस या लेखकाने इ. स. ४२० च्या सुमारास ही हकिकत लिहून ठेवली. तिचा पुढचा भाग मला जास्त आवडतो. एका गावातली एक बाई दिवसाला सातशे प्रार्थना करते, असं पॉलच्या कानावर आलं आणि त्याच्या जिवाला घोर लागला. तो मॅकेरियस या थोर साधूकडे गेला. मॅकेरियसने सांगितलं ते असं: मी शंभरच करतो, हाताने कमावून खातो, भेटायला येणाऱ्यांशी बोलतो, तरी माझं मन मला खात नाही. तीनशे करूनही तुझं मन खात असेल, तर एकतर त्या प्रार्थना मनापासून होत नाहीत, नाहीतर तुला आणखी जमतं आणि तू करत नाहीस.

कॅथलिकांची रोझरी, म्हणजे जपमाळ, या खड्यांच्या कुळातली. देवळातल्या चित्रांत मात्र वेगळीच गोष्ट दिसते: पवित्र मरियेने स्वतः संत डॉमिनिकच्या हाती माळ दिली. डॉमिनिक १२२१ मध्ये वारला. त्याच्या काळच्या कागदपत्रांत या प्रसंगाचा मागमूस नाही. ही कथा रुजली ती अडीचशे वर्षांनंतर, त्याच्याच संघातल्या आलां द ला रोश या ब्रिटनीच्या धर्मगुरूमुळे. कथा गोड आहे, पण तिच्यामुळे खऱ्या जन्मदात्यांवर अन्याय होतो. ते होते मठांमधले निरक्षर लोक.

मठात बायबलमधली १५० स्तोत्रं लॅटिनमधून म्हणण्याचा परिपाठ होता. शेतावर राबणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या बंधूंना ती कुठून यायची? मग त्यांच्यासाठी तोड निघाली. स्तोत्रांऐवजी तितक्याच वेळा येशूने शिकवलेली प्रार्थना म्हणायची. फ्रान्समधल्या क्लुनीच्या मठात एखादा बंधू वारला की जे पुरोहित नसत, त्यांनी पन्नास स्तोत्रं किंवा पन्नास वेळा ही प्रार्थना म्हणावी, असा अकराव्या शतकातला दंडक होता. दीडशेपर्यंत मोजायचं तर बोटं अपुरी पडतात. त्यासाठी दोरा आला, दोऱ्यात मणी आले.

मणी आले तसा बाजारही आला. १०६७ च्या सुमारास वारलेल्या इंग्लंडच्या लेडी गोडायवाने आपली रत्नांची प्रार्थनामाळ कॉव्हेंट्रीच्या मठात मरियेच्या मूर्तीला घालायला ठेवून दिली. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये माळा करणाऱ्यांच्या वेगवेगळ्या श्रेणी होत्या: हाडाशिंगाचे मणी करणारे निराळे, पोवळ्याशिंपल्याचे निराळे, अंबरचे निराळे. गरिबाच्या सोयीसाठी निघालेली वस्तू श्रीमंताच्या गळ्यात जायला फार वेळ लागत नाही.

हळूहळू येशूने शिकवलेल्या प्रार्थनेच्या जागी 'नमो मरिया' ही मरियेची प्रार्थना आली. तिचा पहिला भाग लूकच्या शुभवर्तमानातला. मरणाच्या घडीलाही आमच्यासाठी विनंती कर, असं मागणारा शेवट पुष्कळ नंतर जोडला गेला आणि १५६८ च्या प्रार्थनाग्रंथात पक्का झाला. नुसत्या मोजणीला अर्थ दिला तो ट्रिअर शहराजवळच्या मठातल्या प्रशियाच्या डॉमिनिकने. हा दुसरा डॉमिनिक, प्रसिद्धी न मिळालेला. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने पन्नास 'नमो मरियां'ना येशूच्या चरित्रातला एकेक प्रसंग जोडला. त्याच शतकात पुढे पन्नासांऐवजी पंधराच प्रसंग, म्हणजेच 'रहस्यं', रूढ झाले, दर दहा मण्यांना एक: पाच आनंदाचे, पाच दुःखाचे, पाच गौरवाचे. या क्रमातच मला जपमाळेची सगळी ताकद दिसते. दुःख मधे ठेवलंय, शेवटी नाही.

१४७० मध्ये आलांने दुए इथे जपमाळेची मंडळी सुरू केली, १४७५ मध्ये याकोब स्प्रेंगरने कलोनला. कलोनच्या मंडळीत वर्गणी नव्हती. वहीत नाव घातलं की झालं, मेलेल्या माणसाचंसुद्धा.

पोर्तुगीजांबरोबर माळ आपल्याकडे आली. जुन्या गोव्यातल्या टेकडीवर रोझरीमातेचं चर्च १५४० च्या दशकात उभं राहिलं, म्हणजे पोपने १५६९ मध्ये जपमाळेचं रूप अधिकृत करण्याच्याही आधी. गोव्यात दिवेलागणीनंतर घराघरात होतो तो तेर्स. दीडशे मण्यांचा तिसरा हिस्सा, म्हणून हे पोर्तुगीज नाव. वसईतल्या घरांतही वेदीसमोर सगळे बसतात. घरातलं थोरलं माणूस प्रार्थनेचा पहिला अर्धा म्हणतं, बाकीचे उरलेला पुरा करतात. माळ न पाहताही चालते. दहा मणी लागोपाठ, मग जरा मोकळी जागा, मग एकटा मणी. दहावा मणी सरला हे अंगठ्याला आपोआप कळतं. पेंगणारं पोरही उत्तराला तोंड हलवतं.

२००१ मध्ये इटलीतल्या पाविया विद्यापीठाच्या लुचानो बेर्नार्डी यांनी २३ निरोगी माणसांवर प्रयोग केला. लॅटिनमधून 'नमो मरिया' म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाची लय सुधारली. 'ओम मणिपद्मे हुम्' म्हणतानाही तेच घडलं. आपण थांबतो आणि दुसरा म्हणतो, तेवढ्यात श्वास आत घेतला जातो. जपमाळ मुळात भारतातून अरबांमार्फत युरोपात गेली असावी, असाही तर्क या प्रयोगावरच्या लेखात आहे. आपल्याला तो सुखावतो, पण पॉलचे खडे पाहता मी त्यावर पैज लावणार नाही.

सगळ्या ख्रिस्ती घरांत माळ असते असं नाही. नगरकडच्या प्रोटेस्टंट घरांत ती दिसायची नाही. पोकळ बडबड करू नका, असं येशूनेच बजावलं आहे, हा त्यांचा मुद्दा. मुद्दा खोटा नाही, मॅकेरियसलाही तो पटला असता. पण हॉस्पिटलच्या बाकावर बसलेल्या माणसाला स्वतःचे शब्द सुचत नाहीत, तेव्हा पाठ असलेले शब्दच हाताशी येतात.

२००२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रकाशाची पाच नवी रहस्यं सुचवली, येशूच्या बाप्तिस्म्यापासून शेवटच्या भोजनापर्यंतची. रहस्यांना वार ठरलेले असतात; नव्यांसाठी गुरुवार नेमला आणि गुरुवारची आनंदाची रहस्यं शनिवारी नेली. चारशे वर्षांत एवढा मोठा बदल झाला नव्हता. तरी त्यांनी हुकूम काढला नाही. नवी रहस्यं घ्यायची की नाही, हे माळ हातात धरणाऱ्यावर सोडलं.