बदल नेमका कोणता? मराठवाड्याच्या इतिहासातली काही क्रियापदं

लातूरला किंवा नांदेडला बारावीचा निकाल लागला की घरोघरी दोन शब्दांची चर्चा सुरू होते. एक गुणपडताळणी, दुसरं पुनर्मूल्यांकन. गुणपडताळणीत बेरीज पुन्हा करतात, एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का ते पाहतात. पुनर्मूल्यांकनात परीक्षक उत्तर पुन्हा वाचतो, नव्यानं ठरवतो. इंग्रजीत पहिलं व्हेरिफाय, दुसरं रीव्हॅल्यू. आपण घरी दोन्हीला ‘पेपर पुन्हा तपासायला टाकला’ म्हणतो. पण पहिल्यात जुना निर्णय शाबूत धरलेला असतो, दुसऱ्यात त्याच निर्णयावर शंका असते.

इंग्रजीत अशी क्रियापदं पुष्कळ आहेत. कन्व्हर्ट, रिवाइज, अमेंड, रीऑर्गनाइझ, रिपेअर, रीनेम. रिवाइज म्हणजे मुळात पुन्हा पाहणं. अमेंड म्हणजे दोष काढणं. म्हणजे दोष होता हे आधीच कबूल. आपल्या बोलण्यात ‘बदलणं’ हे एकच क्रियापद ही सगळी कामं उरकतं. सरकारी कागदावर मात्र तसं चालत नाही. मराठवाड्याचा 1948 नंतरचा इतिहास या दृष्टीनं वाचला, तर कागदावरच्या एका शब्दामागं माणसांचे पैसे, घरं आणि प्राणसुद्धा असतात हे ध्यानात येतं.

पहिलं क्रियापद कन्व्हर्ट. 17 सप्टेंबर 1948 ला निजामी राजवट संपली, तरी निजामाचा हाली सिक्का लगेच गेला नाही. भारतीय रुपयाला आपल्याकडं कलदार म्हणत. भाव ठरलेला होता: सात हाली म्हणजे सहा कलदार. आता बघा, 70 हालीचे 60 कलदार सहज होतात. पण 10 हालीचे? 8 रुपये 9 आणे आणि वर दीडदोन पै. बाजारात उभ्या असलेल्या अडाणी माणसानं हे कसं करायचं? कर्ज 70 हालीचं आणि वसुली 70 कलदारांची झाली, तर कर्जदाराचे दहा रुपये कुणीही न चोरता गेले. कालगणनेचंही तेच. निजामी कागद फसली सनाचे. 1317 फसली म्हणजे इसवी 1907, साधारण 590 मिळवायचे. या रूपांतरात मूल्य तेच राहतं, फक्त माप बदलतं, असं तत्त्व आहे. ते खरं ठरतं ते हिशेब करणारा प्रामाणिक असला तरच.

दुसरं रीऑर्गनाइझ. 1956 चा कायदा राज्य पुनर्रचनेचा. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबादेतून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. इथं माप बदललं नाही, मांडणी बदलली. नांदेडचा माणूस तिथंच राहिला, त्याची राजधानी हैदराबादहून मुंबईला गेली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता. त्याचा जिल्हा व्हायला 1982 उजाडलं.

तिसरं उदाहरण 30 सप्टेंबर 1993 चं. गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाटेचे चार वाजत आले होते. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदांखाली गाडली गेली. पुढं पुनर्वसनाच्या कार्यक्रमात नुकसानीप्रमाणे तीन वर्ग पडले. काही गावं नव्या जागी हलवायची, काहींत आहे तिथंच नवी घरं बांधायची, आणि उरलेल्या ठिकाणी जुनी घरं दुरुस्त करून मजबूत करायची. रिलोकेट, रीकन्स्ट्रक्ट, रिपेअर. तीन क्रियापदं, आणि गावाच्या नावापुढं यातलं कोणतं लागलं यावर पुढचं आयुष्य ठरलं. 52 गावं हलवली गेली. घर सुरक्षित मिळालं, हे मोठं काम झालं. पण सरळ आखलेल्या रस्त्यांच्या नव्या गावठाणात जुनी गल्ली, जुना शेजार, घरापासून शेताचं अंतर, हे जसंच्या तसं कसं येणार? गावाचं नाव तेच राहिलं. मग गावही तेच राहिलं का? हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गातला वाटतो, पण तो तिथल्या म्हाताऱ्या माणसांना रोज पडत होता.

आता चौथं, रीनेम. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. अखेर 14 जानेवारी 1994 ला विद्यापीठाचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं, आणि त्याला नामांतर न म्हणता नामविस्तार म्हटलं गेलं. भाषांतर, देशांतर यांतला ‘अंतर’ म्हणजे दुसरा, वेगळा. विस्तारात जुनं नाव शिल्लक राहतं. साडेपंधरा वर्षांचा संघर्ष शेवटी शब्दाच्या उत्तरार्धापाशी येऊन थांबला. कुणाला ती तडजोड वाटली, कुणाला मागणीची काटछाट. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं.

या चारही उदाहरणांत आम्हाला दोन प्रश्न महत्त्वाचे वाटतात. बदलानंतर जुनं काय उरलं? आणि तो बदल कुणी ठरवला? ‘बदल झाला’ असं आपण म्हणतो तेव्हा करणाराच वाक्यातून गायब होतो.

आपल्या तलाठ्याच्या दप्तरात एक शब्द आहे, फेरफार. गाव नमुना 6. बाप गेला की वारसांची नोंद इथं होते. जमीन तसूभरही हलत नाही, नावं मात्र बदलतात, आणि मुलीचं नाव राहून गेलं तर तिचा हक्क कागदावर दिसत नाही. पण फेरफार मंजूर होण्याआधी संबंधितांना नोटीस द्यावी लागते आणि हरकतीसाठी 15 दिवस असतात. बदलाच्या शब्दातच विचारण्याची जागा राखून ठेवलेली आहे. त्या पंधरा दिवसांत नोटीस नीट वाचावी, आपलं नाव आहे का ते पाहावं, आणि नसेल तर हरकत लेखी द्यावी.