तसबिरीचा टेकू

लेखनाच्या मेजावर, दौतीच्या मागें किंवा पुस्तकांच्या कडेला, वीतभर उंचीची एक लांकडी वा पितळी चौकट बहुतेकांनीं पाहिली असेल. तिच्या पाठीशीं बिजागरीनें जोडलेला एक पाय असतो. तो जवळ घेतला कीं चौकट ताठ उभी राहते, दूर सारला कीं मागें रेलते. खालच्या कडेस एक खांच असते, तींत कधीं तसबीर ठेवतात, कधीं महिन्याचें कॅलेंडर. या वस्तूस इतिहास असूं शकेल असें प्रथमदर्शनीं कोणासहि वाटणार नाहीं, आणि ताम्रपट, नाणीं, बखरी यांच्या पंक्तीस तिला बसवणें धाडसाचेंच होईल. परंतु चित्र भिंतीवरून उतरून मेजावर आलें या लहानशा स्थलांतराबरोबर घरांतील माणसाचें चित्राशीं असलेलें नातें कसें पालटलें हें ज्यास पाहावयाचें असेल, त्यास या टेकूकडे पाठ फिरवून चालणार नाहीं.

प्रथम नांवाचाच प्रश्न घेऊं. चित्रकार ज्या तिपाईवर फलक ठेवून रंगकाम करतो तिला इंग्रजींत ‘ईझल’ म्हणतात. हा शब्द डच भाषेंतून आला व तेथें त्याचा अर्थ गाढव. पाठीवर ओझें घेऊन मुकाट्यानें उभें राहण्याचा गुण पाहूनच तें नांव पडलें असावें. फ्रेंचांनीं त्याच वस्तूस ‘शव्हाले’, म्हणजे लहान घोडा, म्हटलें. आणि मौज अशी कीं, व्हायोलिनच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात तिलाहि ते हाच शब्द लावतात. आपल्याकडे तंबोऱ्याच्या तारा जिच्यावरून जातात ती घोडीच! दोन दूरच्या भाषांनीं एकमेकींस न विचारतां एकाच जनावराची आठवण करावी, हें शब्दशोधकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. तसबिरीच्या टेकूस मात्र मराठींत स्वतंत्र नांव रुळलें नाहीं. ‘स्टँड’ या एका शब्दावर सर्वांचें भागतें. वस्तूस घरचें नांव नसणें हा पुष्कळदां ती घरांत उशिरां आल्याचा पुरावा असतो.

ती उशिरां आली, कारण तिला उभें राहावयास जागाच नव्हती. जुन्या वाड्यांतील बैठक जमिनीवरची. दिवा कोनाड्यांत, पागोटें खुंटीवर, कागदपत्र फडताळांत. लिहावयाचें तें मांडी घालून, पुढें बुटकें उतरतें डेस्क घेऊन. पोथी वाचतांना तिच्याखालीं फुलीच्या आकाराची घडीची लांकडी बैठक मांडीत, व तिलाच आमच्या या टेकूची खरी पूर्वज म्हणतां येईल. परंतु पोथी बांधली कीं तीहि मिटून ठेवीत. तसबिरी आल्या त्या भिंतीवर, आणि भिंतीवरहि पार वर, तुळयांच्या खालीं. त्यांची खालची कड भिंतीस टेकलेली व वरची कड दोरीच्या ओढीनें पुढें झुकलेली असे. हें केवळ शोभेसाठीं नव्हतें. खालीं जाजमावर बसलेल्या माणसास उंचावरचें चित्र नीट दिसावें आणि कांचेवर दाराचा उजेड चमकूं नये, यासाठीं चौकटीस तो झोंक देणें भाग होतें. त्याचा परिणाम मात्र शोभेहून मोठा झाला. भिंतीवरचे देव आणि पूर्वज वरून खालीं, आपल्याकडे वाकून, पाहूं लागले. अशा डोळ्यांखालीं मोठ्यानें हंसण्यास लहानपणीं आम्हांस धीर होत नसे.

युरोपांत हवा थंड, म्हणून खोलींत शेगडीची जागा, शेगडीवर फळी, फळीवर घड्याळ आणि बाहुल्या. फोटोग्राफीनें जन्म घेतांच तिला ही फळी आयती मिळाली. १८३९ सालीं दागेरची रीति प्रसिद्ध झाली तेव्हां चित्र तांब्याच्या रुपेरी पत्र्यावर उमटे, व तें दागिन्याप्रमाणें मखमली डबींत जपून ठेवीत. १८५४ सालीं पॅरिस येथें दिस्देरी यानें भेटीच्या कार्डाएवढ्या लहान फोटोचें पेटंट घेतलें. ते फोटो इतके झाले कीं त्यांस पुस्तकांत कोंडावें लागलें. १८६६ च्या सुमारास मात्र साडेसहा इंच उंचीचें, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेलें ‘कॅबिनेट’ चित्र निघालें. खोलीच्या दुसऱ्या टोंकावरूनहि ओळखूं येईल असा चेहरा त्यांत असे, आणि पुठ्ठा जाड असल्यामुळें तें उभें करतां येई. आमच्या टेकूचें भाग्य येथून उदयास आलें. मुंबईहि फारशी मागें नव्हती. १८५४ सालींच तेथें फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु नारायण दाजी हे त्या कलेंतील नामांकित पुरुष होते.

टेकूची करामत थोडकींत सांगतां येते. चौकटीची खालची कड आणि मागचा पाय या दोहोंच्या मध्यें चित्राचा भार पडला पाहिजे. पाय फार जवळ असेल तर चित्र वाऱ्याच्या झुळुकीनें तोंडावर पडतें. फार दूर सारला तर तो गुळगुळीत मेजावर घसरत जाऊन सर्व संसार आडवा होतो. म्हणून पाय व चौकट यांच्यामध्यें रेशमी फीत किंवा पितळी सांखळी बांधीत. पुढें सांखळीची कोणतीहि कडी आंकड्यांत अडकवण्याची, किंवा पायाखालीं दांते कापलेली पट्टी बसवण्याची युक्ति निघाली, आणि बसणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीप्रमाणें चित्राचा झोंक कमीअधिक करतां येऊं लागला. भिंतीवरची तसबीर एकदां टांगली कीं सर्वांसाठीं सारखी. ही मात्र एका माणसासाठीं लावून घ्यावयाची.

खांचेंत वाटेल त्या आकाराचा कागद राहावा ही दुसरी सोय कॅलेंडरानें करावयास लाविली. आपल्याकडे काळ मोजण्याचें साधन पंचांग, आणि तें पाहावयाचें तें जोशीबुवांनीं. १८३१ सालीं मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं पंचांग छापलें तेव्हां तें घरोघर जाण्याची वाट मोकळी झाली. तरी तिथीची वृद्धि आणि क्षय समजावयास जाणता लागेच. कचेरी, शाळा आणि गिरणी यांचा काळ निराळा. तेथें तारखेचा क्षय होत नाहीं व पगार तिथीस मिळत नाहीं. १८९० सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनें गिरणीकामगारांस रविवारची सुटी मिळाली; तेव्हांपासून तांबड्या आंकड्याची ओढ काय असते हें कामगारांच्या चाळींस कोणी शिकवावें लागलें नाहीं. त्याच सुमारास रंगीत छापील चित्रांचा पूर आला. पुण्याची चित्रशाळा १८७८ सालची; राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ सालीं मुंबईस निघाला व पुढें मळवलीस गेला. चित्र आणि तारखा एका कागदावर आल्या तेव्हां एक पेंच उभा राहिला. डिसेंबर संपला कीं तारखा मेल्या, पण वरची लक्ष्मी कशी मरणार? म्हणून घरोघर तारखांचा भाग कातरून देव तेवढा चौकटींत बसवीत. कायमची चौकट देवास आणि दरसाल बदलणारी खांच दिवसांस, अशी ही वांटणी आपोआप झाली. १९७३ सालीं जयंत साळगांवकर यांनीं काढलेल्या ‘कालनिर्णय’नें पंचांग, तारखा आणि पाठीमागें वाचावयाचा मजकूर एकत्र करून भिंतीचा मान पुन्हां वाढवला, व त्याच्या जाहिरातींतहि भिंतीचेंच नांव गाजलें. घराचें कॅलेंडर भिंतीवर, माणसाचें मेजावर.

हीच वांटणी तसबिरींतहि आहे, आणि ती मला पुस्तकांत नव्हे, आजोळीं कळली. माझ्या आजीचा धाकटा भाऊ पहिल्या महायुद्धांत मराठा पलटणींतून मेसापोटेमियास गेला. २९ एप्रिल १९१६ रोजीं कूत येथील वेढलेली फौज शरण गेली, सुमारें तेरा हजार माणसें कैद झालीं, आणि त्यानंतर त्याचें पत्र आलें नाहीं. निघण्यापूर्वीं काढलेला त्याचा एक कॅबिनेट फोटो घरांत होता. गणवेशांत, एका हातांत वेताची छडी, मागें रंगवलेला बगीचा. आजोबांनीं तो एकदां भिंतीवर टांगावयास घेतला तेव्हां आजीनें त्यांच्या हातांतून खिळा काढून घेतला असें आई सांगे. भिंतीवर गेलेल्यास हार पडतो, आणि आजीस हार घालावयाचा नव्हता. तिनें पितळी सांखळीचा एक टेकू बाजारांतून मागवला व ओसरीवरच्या एकुलत्या मेजावर भावास उभें केलें. ती स्वतः खालीं पाटावर बसे. तेव्हां चित्र मागें रेललेलें असलें तर तिला नुसता कांचेचा उजेड दिसे. म्हणून सांखळी सर्वांत आंखूड कडीवर लावलेली असे, आणि इतका ताठ उभा केल्यामुळें तो दर पावसाळ्यांत वाऱ्यानें दोनचारदां तोंडावर पडे. ती उठून त्याला पुन्हां उभा करी. कोणी मेजाशीं बसून लिहूं लागला आणि त्यानें आपल्या सोयीसाठीं कडी बदलली, तर संध्याकाळपर्यंत ती पूर्ववत् झालेली असे. भाऊबीजेस ती त्या मेजासमोर ओंवाळी. आम्हां मुलांस त्यांत कांहीं विशेष वाटत नसे, कारण मामाआजोबा परगांवीं आहेत असेंच आम्ही समजत होतों.

आजी १९६८ सालीं वारली. तेराव्याच्या आदल्या दिवशीं वडिलांनीं तिची तसबीर टांगण्यासाठीं ओसरीच्या भिंतीस खिळा ठोकला, थोडा वेळ हातोडी हातांत धरून उभे राहिले, आणि शेजारीं दुसरा ठोकला. दोन्हीं तसबिरी पुढें झोंक देऊन लावल्या. दुसरीच्या पाठीमागचा पाय काढावयाचा राहून गेला. भिंत आणि चौकट यांच्या फटींतून ती सांखळी अजून दिसते.